इंदूरच्या कोरड्या थंडीत टाळूला कुठलं तेल लावावं, खोबरेल, तीळ की माक्याचं?
कोंडा नसेल तर साधं घाण्याचं खोबरेल घ्या, आणि डिसेंबर-जानेवारीत ते बाटलीत गोठून बसतं तेव्हा तीळ तेल, माक्याचं हवंच असेल तर यापैकीच एखाद्यात उकळलेलं बघा. कारण खोबरेलातलं लॉरिक अ‍ॅसिड केसाच्या आत शिरतं नि धुताना प्रोटीन कमी जातं, २००३ च्या एका अभ्यासात सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइलला (पेट्रोलियमपासूनचं तेल) हे जमलं नव्हतं. म्हणजे केस तुटणं कमी होतं, टकलावर नवे उगवतात असं नाही, जाहिरातीतले ते आधी-नंतरचे फोटो सोडाच. लेबल मागून वाचा, पुढे जडीबुटीचं चित्र आणि मागे पहिलंच नाव लाइट लिक्विड पॅराफिन, म्हणजे तेच मिनरल ऑइल, असेल तर ठेवून द्या. सियागंजच्या बाजारात सुटं घेत असाल तर वास घेऊन बघा, खवट असेल तर नको. पण चिकट पिवळट पापुद्रे निघत असतील तर तेल रात्रभर ठेवू नका, कोंड्याची मॅलेसेझिया बुरशी तेलातल्या फॅटी अ‍ॅसिडवरच पोसते, तेव्हा आधी किटोकोनॅझोल हे बुरशीनाशक असलेला शॅम्पू, आणि चट्ट्याचट्ट्यानं केस जात असतील तर सरळ स्किनच्या डॉक्टरकडे जा.