सांगली जिल्ह्यात क्षयरोगाचा दीर्घकालीन अभ्यास आखताना सर्वांत आधी कशाचा विचार करावा?

सर्वांत आधी विचार करावा तो गावाबाहेर जाणाऱ्यांचा. किती लोक अभ्यासात घ्यायचे, हे त्यानंतर ठरते. खानापूर-आटपाडी भागातील अनेक कुटुंबे गलाई म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या व्यवसायानिमित्त देशभर विखुरलेली आहेत, तर ऊसपट्ट्यात तोडणीच्या टोळ्या हंगामापुरत्या येतात. त्यामुळे एकाच महिन्यात केलेली गणना फसवी ठरते, आणि जे सापडत नाहीत त्यांचा धोका गावात राहिलेल्यांइतकाच आहे असे गृहीत धरणे धाडसाचे होईल. नोंदवहीत दोन नातेवाइकांचे मोबाइल क्रमांक घ्यावेत आणि मुलींचे माहेरचे नाव कायम ठेवावे. अन्यथा लग्नानंतर आडनाव बदलले की तीच व्यक्ती नवी म्हणून नोंदली जाते.

संसर्ग झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो आणि त्यातील बराच भाग पहिल्या दोन वर्षांत दिसतो. म्हणून सुरुवातीच्या तपासणी फेऱ्या जवळजवळ असाव्यात. तामिळनाडूतील चिंगलपट्टू येथे १९६८ मध्ये सुरू झालेल्या बीसीजी या क्षयरोगाच्या लसीच्या चाचणीत १५ वर्षे पाठपुरावा झाला. तेवढा निधी आणि चिकाटी नसेल, तर लहान पण पूर्ण अभ्यास केलेला बरा.

थुंकीची सूक्ष्मदर्शक तपासणी बदलून मध्येच सीबीनॅट ही जंतूंचा डीएनए शोधणारी, अधिक रुग्ण पकडणारी तपासणी आणल्यास रुग्ण वाढल्याचा भास होतो. त्यामुळे काही काळ दोन्ही तपासण्या एकाच नमुन्यावर कराव्यात. रुग्ण आढळताच उपचार सुरू करावेत, हे वेगळे सांगायला नको.