सिद्धांत पाठ करू नकोस, आधी कानबाईला घरी जा

समाजशास्त्राला प्रवेश घेतलास, मनापासून आनंद झाला. पहिल्याच महिन्यात दुर्खीम, मार्क्स, वेबर यांच्या व्याख्या रटायला बसू नकोस. मी तेच केलं आणि दोन वर्षं मला काहीच दिसलं नाही.

श्रावणात कानबाईला, म्हणजे आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाला, गावी जा. सुरत, पुण्याला पांगलेली भाऊबंदकी त्या दिवशी एका ओट्यावर येते, नैवेद्याचे रोट एकत्र खाते. दुर्खीमने १९१२ साली धर्माविषयी जे मांडलं ते इथे उघड्या डोळ्यांनी दिसतं: विधीतून समूहाला आपल्या एकपणाचा अनुभव येतो. मर्टन हा नंतरचा समाजशास्त्रज्ञ पुढे विचारायला लावतो, की पूजा हा उघड हेतू, पण न बोलता आणखी काय साधतं? तुटलेलं बोलणं जुळतं, सोयरिकीचे विषय निघतात, शेताच्या वाटणीचंही निघतं.

पण तिथेच थांबलास तर अर्धंच पाहिलंस. रोटाचं पीठ कोण दळतं? शेत कोणाच्या नावावर, आणि रावेर-यावलच्या केळीबागेत घड वाहणाऱ्या मजुराला दर ठरवताना कोणी विचारतं का? हे प्रश्न मार्क्सच्या वाटेने येतात. माझा स्वतःचा कल तिकडेच आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

नव्या सुनेशी मात्र निवांत बोल. हा विधी तिच्यासाठी काय आहे, हे तिच्याच तोंडून ऐक. कर्त्याला स्वतःच्या कृतीचा कोणता अर्थ लागतो, हाच वेबरचा आग्रह. वही सोबत ने, पण तिच्यासमोर उघडू नकोस. रात्री लिही.