घर सासऱ्यांच्या नावावर आहे, मग माझा हक्क कसला?

समुपदेशनाला आलेल्या बायका मारहाणीचं सांगतात, पैशांच्या कोंडीचं सांगतात आणि उठता उठता विचारतात, "मॅडम, तक्रार केली आणि त्यांनी घराबाहेर काढलं तर?"

या ताईंचाही प्रश्न तोच होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नवरा हात उचलायचा आणि त्यांचं एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवायचा. सासरे दर भांडणात म्हणायचे, "घर माझं आहे, चालती हो." वर्षानुवर्षं तेच ऐकून त्यांनाही ते खरं वाटू लागलं होतं.

मी त्यांना कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ मधलं कलम १७ समजावून सांगितलं. घर कोणाच्याही नावावर असो, सामायिक घरात, म्हणजे ती कुटुंबासोबत राहते किंवा राहिली आहे त्या घरात, राहण्याचा बाईला हक्क आहे आणि कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. घर सासऱ्यांचं असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. मात्र हा हक्क म्हणजे मालकी नव्हे. वृद्ध सासू-सासऱ्यांची बाजूही न्यायालय पाहतं. कधी त्याच घराऐवजी पर्यायी घर किंवा भाडं देण्याचा आदेश होतो. हेही मी आधीच सांगते, खोटी आशा लावत नाही.

"म्हणजे मार खात तिथेच राहायचं?" त्यांनी विचारलं. मुळीच नाही. जिवाला धोका असेल तर मुलांना घेऊन आधी बाहेर पडा. निघून गेलं की हक्क गेला, ही समजूत चुकीची आहे. जिथे तात्पुरता आसरा घेतलाय, माहेरी का असेना, तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो.

दुसरी भीती अटकेची होती. मुलांच्या बापाला तुरुंगात पाठवायचं नव्हतं त्यांना. या कायद्याखालच्या अर्जात संरक्षण, निवास, खर्च, मुलांचा ताबा हे मागता येतं. नुसत्या अर्जाने अटक होत नाही आणि घटस्फोटही मागावा लागत नाही. पण संरक्षण आदेश मोडला तर तो गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. क्रूरतेची फौजदारी तक्रार, म्हणजे पूर्वीचं ४९८अ आणि आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, ही वेगळी वाट. ती धरायची की नाही, हे ताईंनीच ठरवायचं होतं.

संरक्षण अधिकाऱ्यांनी, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्यांनी, घटनेचा अहवाल तयार केला, अर्ज दाखल झाला. साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणूनच अंतरिम आदेश, म्हणजे अंतिम निकालापर्यंतचा तात्पुरता आदेश, सुरुवातीलाच मागायला हवा. ताईंना तो मिळाला: घराबाहेर काढायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही, दरमहा खर्च द्यायचा. कार्ड हिसकावणं हाही हिंसाचारच, आर्थिक. ते अर्जात लिहिलं होतं, म्हणून खर्चाची मागणी भक्कम झाली. दवाखान्याचे कागद, मेसेज, पासबुक असेल तर जपून ठेवा, पण कागद नाहीत म्हणून थांबू नका.

वकिलाच्या फीसाठीही अडू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. तातडीची मदत हवी असेल तर ११२, आणि महिला हेल्पलाइन १८१.