वैमानिकाचा आवाज जड वाटला तर

चिकलठाणा विमानतळाच्या टॉवरवर हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून नवीन आलायस, तर कान आधी तयार कर. शब्द ओढले जातायत, रीडबॅकमध्ये, म्हणजे आपली सूचना वैमानिक परत म्हणून दाखवतो त्यात, 250 चं 350 होतंय, माईकचं बटण दाबून नुसता श्वास ऐकू येतोय? तर लगेच दारूचा संशय घेऊ नकोस. विमान उंचावर असेल तर आधी ऑक्सिजनची कमतरता धर. 35,000 फुटांवर ऑक्सिजन तुटला की भान राखून काम करण्याचा वेळ जेमतेम 30 ते 60 सेकंद असतो. आणि त्या माणसाला आपण ठणठणीत आहोत असंच वाटत असतं, म्हणून “ठीक आहात का?” विचारून उपयोग नाही. ठाम आवाजात सांग: “ऑक्सिजन मास्क ऑन.” मग, “डिसेंड टू वन झिरो थाउजंड,” म्हणजे 10,000 फुटांवर उतरा. एका वेळी एकच सूचना, उत्तर नाही आलं तर तीच परत. अजिंठा-बालाघाटचे डोंगर 10,000 फुटांच्या कितीतरी खाली आहेत. खालची ट्रॅफिक बाजूला कर. विमान दुसऱ्या नियंत्रकाच्या ताब्यात असेल तर ऐकलेलं हॉटलाइनवर त्याला तत्काळ कळव. फ्रिक्वेन्सी बदलायला लावू नकोस, गोंधळलेला माणूस तिथंच हरवतो.

खाली आल्यावर आवाज सुधारला तरी रुग्णवाहिका तयार ठेव.

जमिनीवर असतानाच शंका आली तर रेडिओवर आरोप नको; टॅक्सी, म्हणजे विमानाचं जमिनीवरून चालणं, थांबव, सुपरवायझरला कळव. ऐकलेले शब्द वेळेसकट लॉगबुकात जसेच्या तसे लिही.