लाळ्या खुरकूत, पोलिओ, कावीळ: एकाच घराण्याचे विषाणू

प्रश्न : बैलजोडीला लाळ्या खुरकूत झालंय. त्याच आठवड्यात नातवाच्याही तोंडात आणि तळहातांवर फोड आले. जनावरांकडून लागण झाली का? (औसा तालुका)

नाही, पण शंका रास्त आहे. दोन्ही विषाणू पिकोर्ना घराण्याचे: जेमतेम 30 नॅनोमीटरचे, पोटात आरएनएचा एकच धागा. तरी बैलाचा वेगळा, मुलाचा वेगळा. नातवाला बहुधा 'हँड फूट माउथ' झालाय आणि तो दुसऱ्या मुलाकडून आला असणार. आठ-दहा दिवसांत उतरतो, अँटिबायोटिक लागत नाही. गार पेज, ताक देत राहा. पाणी सोडलं, लघवी कमी झाली किंवा झोपेत सारखा दचकू लागला, तर लगेच दवाखान्यात न्या.

बैल वेगळे बांधा. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट पाण्याने तोंड आणि खूर धुवा, गोठा धुण्याच्या सोड्याने. बरे होईपर्यंत हाळी हंडरगुळीच्या बाजाराचं नावही काढू नका. रोग गावोगाव जातो तो असाच. लस दर सहा महिन्यांनी टोचायची. तिच्यात ओ, ए आणि एशिया 1 असे तीन प्रकार असतात, कारण एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला चालत नाही. लम्पीची लस दिली म्हणून ही चुकवू नका, तो विषाणूच निराळा.

प्रश्न : पोलिओ गेला ना? मग डोस कशाला? (परभणी)

देशातला शेवटचा नैसर्गिक रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात सापडला. पाकिस्तान-अफगाणिस्तानात विषाणू अजून आहे. लागण झालेल्या सुमारे 200 जणांत एखाद्यालाच लुळेपणा येतो. बाकीचे नकळत पसरवतात. डोस पाजाच.

प्रश्न : गल्लीत चार मुलांना कावीळ झाली. आम्ही टँकरचं पाणी उकळायला लागलो, तरी पाचवा आजारी पडलाच. झाडपाल्याचं औषध द्यावं का? (माजलगाव)

हिपॅटायटिस ए असेल, तर लागणीनंतर साधारण महिन्याने डोळे पिवळे होतात. म्हणजे पाचव्याच्या पोटात विषाणू गेला तो उकळण्याआधीच. उकळणं सोडू नका. ही कावीळ बहुतेक मुलांत आपोआप उतरते, श्रेय मात्र झाडपाला खाऊन जातो; त्यातली काही पानं यकृतालाच बाधतात. रक्त तपासून घ्या, कारण हिपॅटायटिस ई निघाली तर घरातल्या गरोदर बाईला जपावं लागेल. सॅनिटायझरवर विसंबू नका: या विषाणूला चरबीचं आवरण नसल्याने अल्कोहोल त्याचं फारसं बिघडवत नाही. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात चोळून धुवा. मूल गुंगीत गेलं किंवा बरळू लागलं, तर रात्र असली तरी थांबू नका.