प्रवास-शंका : फेब्रुवारी-मार्चमधले जपान

प्रश्न (फोंडा) : आम्ही दोघे निवृत्त. १५ फेब्रुवारी ते २० मार्च जपानला स्वतःच आखून जायचे आहे. तिकडचे काहीच माहीत नाही. यादीत अकरा शहरे झाली आहेत. क्रम कसा लावावा? रेल्वे पास घ्यावा का?

उत्तर : अकरातली सात खोडा. हॉटेलची खोली सकाळी दहा-अकराला सोडावी लागते आणि नवी तीनशिवाय मिळत नाही. त्या दिवसांत क्योतोला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि बरीच देवळे साडेचार-पाचलाच दारे लावतात. म्हणजे गाव बदलले की तो दिवस गेलाच. बिऱ्हाडे चारच ठेवा : सप्पोरो, क्योतो, कानाझावा, टोकियो. बाकीची गावे तिथून जाऊन-येऊन होतात. क्योतोहून नारा रेल्वेने पाऊण तासावर, ओसाका अर्ध्या तासावर.

क्रम उत्तरेकडून. होक्काइदो या उत्तरेकडच्या बेटावरच्या अबाशिरीला समुद्रावर तरंगत येणारा बर्फ जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंतच दिसतो, म्हणून सप्पोरो आधी. अबाशिरी तिथून रेल्वेने पाच-साडेपाच तास लांब, तेव्हा तिथे एक रात्र काढा. सप्पोरोहून क्योतोकडे रेल्वेने जाण्याचा हट्ट नको. सप्पोरोच्या शिन-चितोसे विमानतळावरून ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावर विमान दोनेक तासांत पोचते. मात्र बर्फ पडला की तिथली उड्डाणे रद्द होतात, म्हणून पुढचा एक दिवस मोकळा ठेवा.

क्योतोला २४ फेब्रुवारीच्या सुमारास पोचलात तर २५ तारखेचा कितानो तेनमांगू देवळातला उमे (जपानी प्लम) फुलांचा उत्सव मिळेल. नाराच्या तोदाइजी देवळात निगात्सु-दो या सभागृहाच्या सज्जावर १ ते १४ मार्च रोज संध्याकाळी पेटत्या मशाली फिरवतात. १२ तारखेच्या मशाली सर्वांत मोठ्या, पण गर्दीही तशीच. तो दिवस टाळून ३ किंवा ४ मार्चला जा. सज्जाखाली ठिणग्यांचा पाऊस पडतो आणि लोक तो अंगावर घ्यायला मुद्दाम पुढे सरकतात. नायलॉनचे जाकीट असेल तर तुम्ही मागेच थांबा, एका ठिणगीने भोक पडते.

सर्वांत आधी क्योतोचे हॉटेल पक्के करा. २३ फेब्रुवारी ही सम्राटाच्या वाढदिवसाची सुट्टी, आणि २५ तारखेला तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा. विद्यापीठाच्या गावात त्या रात्री मुलांनी आणि पालकांनी हॉटेले भरतात. बाहेरगावचा पर्यटक नेमका इथे फसतो. चेरीचा बहर हवा असेल तर २० मार्चला टोकियोहून निघणे घाईचे ठरते. तो बहुधा महिनाअखेरीस भरात येतो. तिकिटे काढली नसतील तर सगळा बेत दहा दिवस पुढे ढकला, पण मग बर्फ आणि उमे हातचे जाऊ शकतात. आमचे मत विचाराल तर आहे तोच काळ बरा.

पासचे गणित साधे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून ५०,००० झाला आणि २१ दिवसांचा १,००,०००. तुमच्या मार्गावर रेल्वेचे मोठे टप्पे तीन : सप्पोरो-अबाशिरी जाऊन-येऊन, क्योतो-कानाझावा (साधारण ८ हजार) आणि कानाझावा-टोकियो (साधारण १४ हजार). हे सगळे मिळूनही लाखाच्या निम्म्यावर जात नाही. सुटी तिकिटे काढा. शहरात सुइका किंवा इकोका हे आधी पैसे भरून ठेवायचे प्रवासकार्ड वापरा. एका विभागात आत शिरून दुसऱ्या विभागात बाहेर पडायला मात्र ते चालत नाही.

क्योतोहून कानाझावाला जाताना त्सुरुगाला गाडी बदलावी लागते आणि वेळ थोडाच मिळतो. मोठ्या बॅगा आदल्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवरून ताक्क्यूबिन कुरिअरने पुढच्या हॉटेलवर धाडा. मुख्य शहरांत त्या साधारणपणे दुसऱ्या दिवशी पोचतात. एका रात्रीचे कपडे आणि औषधे मात्र हातात ठेवा.

प्रश्न (मडगाव) : व्हिसा कधी काढावा? आमच्यातल्या एकाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे.

उत्तर : भारतीय पासपोर्टवरचा एकदाच प्रवेशाचा व्हिसा दिल्या तारखेपासून सहसा तीन महिनेच चालतो. घाईने नोव्हेंबरच्या सुरुवातीला काढलात तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तो संपलेला असेल. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अर्ज द्या, कारण २९ डिसेंबर ते ३ जानेवारी जपानी सरकारी कचेऱ्या बंद असतात. दिवसवार कार्यक्रम आणि हॉटेलांची यादी एकमेकांशी जुळली पाहिजे. ई-व्हिसा मिळाला तर विमानतळावर तो इंटरनेट चालू असलेल्या फोनवरच दाखवावा लागतो. छापील प्रत किंवा स्क्रीनशॉट चालत नाही, म्हणून निघण्यापूर्वीच फोनवर डेटाची सोय करा.

पोर्तुगीज पासपोर्टवाल्याला ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. त्यांची अडचण परतताना होते : ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचे) कार्ड घरी राहिले तर गोव्याच्या विमानात चढू देणार नाहीत. आणखी एक, गोव्याहून जपानला थेट विमान नाही. सगळे टप्पे एकाच तिकिटावर घ्या आणि गोव्याच्या दोन विमानतळांपैकी जाताना मोपा, येताना दाबोळी असे झालेले नाही ना ते बघा, नाहीतर गाडी एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे.

प्रश्न (म्हापसा) : मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो. पाच आठवड्यांची औषधे नेता येतील का? आणि घरचे खाणे?

उत्तर : डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे एक महिन्यापुरती असतील तर वेगळी परवानगी लागत नाही. पाच आठवडे म्हणजे त्याहून जास्त, म्हणून जपानच्या आरोग्य मंत्रालयाकडून ‘यून्यू काकुनिन-शो’ हे प्रमाणपत्र आधी घ्यावे लागते. अर्जाला फी नाही. डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी आणि विमानाचा तपशील जोडून महिनाभर आधी पाठवा. गोळ्या मूळ पट्टीतच ठेवा, डब्यात सुट्ट्या काढू नका. स्युडोएफेड्रिन असलेली सर्दीची गोळी आणि कोडीनचे खोकल्याचे औषध घरीच ठेवा. ठरावीक प्रमाणापुढे ती तिथे बेकायदा आहेत. सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी मात्र न्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुगी झाडांचे परागकण उडतात आणि टोकियोत अर्धे गाव मास्क लावून शिंकत असते.

इन्सुलिन एकदा गोठले की फुकट गेले. ते सामानात न देता जवळ ठेवा, आणि सप्पोरोत बाहेर पडताना कोटाच्या आतल्या खिशात. हॉटेलच्या छोट्या फ्रिजमध्येही मागच्या भिंतीला टेकवू नका.

चोरिस (गोव्याचे डुकराच्या मांसाचे सॉसेज) अजिबात नको. मांसाचा कुठलाही पदार्थ, शिजवलेला वा सीलबंद, नेता येत नाही आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ३० लाख येनपर्यंत दंड अशी आहे. ताजी फळेही नकोत. सुक्या सुंगटांना (कोळंबीला) ही बंदी नाही, पण बंद खोलीत त्यांचा वास किती दिवस राहील याचा विचार करा. फेणीच्या तीन बाटल्या (प्रत्येकी ७६० मिलीपर्यंत) करमुक्त नेता येतात. सोबत कोणी शाकाहारी असेल तर सुपापासून भाजीपर्यंत सगळीकडे दाशी म्हणजे माशाचा अर्क असतो हे आधी सांगा.

प्रश्न (डिचोली) : बर्फ कधी पाहिला नाही. कपडे काय न्यावे?

उत्तर : थर्मल इथूनच न्या, जाड कोट सप्पोरोत घ्या, फेब्रुवारीअखेर दुकानांत तो सेलमध्ये मिळतो. एकच जाड स्वेटर नको, काढता येतील असे थर हवेत, कारण गाड्यांत आणि दुकानांत कडक हीटर असतो. दिवसा वितळलेला बर्फ रात्री काचेसारखा गोठतो, म्हणून सकाळीच पाय जास्त घसरतो. बुटाखाली लावायचे दातेरी पट्टे तिथल्या दुकानांत मिळतात, आणि सप्पोरोच्या चौकांत खडीच्या पिशव्या ठेवलेल्या असतात, त्या रस्त्यावर टाकण्यासाठीच. जुन्या ढंगाच्या घरांत न्हाणीघर थंडगार आणि टबातले पाणी चाळीस अंशांच्या वर : रक्तदाब असलेल्यांनी आधी पायांवर पाणी घेऊन मगच हळूहळू उतरावे. बूट पटकन निघणारे घ्या, दिवसातून पाच-सहा वेळा काढावे लागतात.