पेटीची किल्ली

अनेक आशीर्वाद.

परवा बाजीराव रोडच्या बसथांब्यावर तू म्हणालीस, "सर, विशारद झाले आणि आता रोज 60 पोरांकडून प्रार्थना घोकून घेते. याला गाणं म्हणायचं का?" तेवढ्यात बस आली. उत्तर द्यायचं राहिलं.

म्हणायचं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते गाणं वर्गात आणण्यासाठीच. 1932 मध्ये विनायकबुवा पटवर्धनांनी पुण्यात विद्यालय सुरू केलं. तुझं प्रमाणपत्र त्याच वाटेनं आलंय, तेव्हा वर्गाला नाक मुरडू नकोस. झालं, यावर जास्त बोलत नाही.

मला बोलायचंय तुझ्या पेटीबद्दल, म्हणजे हार्मोनियमबद्दल. गेल्या आठवड्यात तुझा तास मी व्हरांड्यातून ऐकला. 35 मिनिटांत भाता एकदाही थांबला नाही! सा दे, मुलांना तो धरू दे आणि पेटी बंद कर.

हे सांगणाऱ्यानं निम्मं आयुष्य पेटीच्या साथीवर पोट भरलंय. पेटीवर माझा राग नाही. 1940 साली रेडिओनं तिच्यावर बंदी घातली, ती उठायला 30 वर्षं लागली. त्या बंदीचा विषय निघाला की माझे गुरुजी रागानं भरल्या ताटावरून उठायचे आणि मीही त्यांच्याच बाजूचा. पण साथ वेगळी, शिकवणं वेगळं. पेटीचा शुद्ध गंधार, म्हणजे ग, तंबोऱ्यातून आपसूक उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो, म्हणजे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या धरून शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचा सातवा हिस्सा. बरं, सेंट जाऊ देत. पेटी वाजत असली की पोरं पेटी ऐकतात, शेजारच्याला ऐकत नाहीत. मग पाढे आणि समूहगान यांत फरक काय राहिला?

माझंच सांगतो. आंतरशालेय स्पर्धा होती. सातवी-आठवीतल्या मुलांचे आवाज फुटत होते. दिवाळीपर्यंत काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, खणखणीत गाणारा एक मुलगा आता मधेच घसरायचा. मी काय केलं? भाता जोरात मारला. सगळ्यांचं घसरणं पेटीखाली झाकलं. ढाल मिळाली. परतताना तो मुलगा हसत म्हणाला, "सर, शेवटचं कडवं मी म्हटलंच नाही. कोणाला कळलंसुद्धा नाही." नंतर कॅसेट ऐकली. पेटी, चार मुली आणि मागे पुटपुट. तो पुन्हा गाण्याच्या तासाला बसला नाही.

शाळेला ढाल हवी होती, पालकांना हवी होती आणि मी हंगामी होतो. तू तरी काय केलं असतंस? असो.

आवाज फुटलेल्याला बाजूला बसवू नकोस. त्याच्याकडे चार-पाच सूर शाबूत असतात, ते आधी शोध. त्याला खालचा सा दे, जमला तर पंचम, म्हणजे प, दे. बाकीचे गाताना तोच वर्गाचा तंबोरा होतो. पण ते ऐकू यायला पेटी बंद हवी. बारा चांगले आवाज निवडून उरलेल्यांना ग्रंथालयात पाठवायची कल्पना तुझी नसावी, अशी आशा आहे.

पहिले पंधरा दिवस कानाला त्रास होईल. काळी चारवरून निघालेली मंडळी दुसऱ्या कडव्याला पांढरी पाचवर, म्हणजे एक पट्टी खाली, येऊन टेकतील. टेकू दे. मधेच पेटी उघडून सावरायला जाऊ नकोस. गाणं संपल्यावर पुन्हा सा दे आणि त्यांनाच विचार, "किती उतरलो?" पोरांना बरोबर कळतं. आपल्यालाच धीर नसतो, मला तर कधीच नव्हता.

मंगळवारी सातवीच्या तासाला येतो. शेवटच्या बाकावर बसेन, मधे बोलणार नाही. पेटी कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या खिशात. सा तू गळ्यानं दे.